द्यायचेच असतील तर पत्रे द्या

गेली काही वर्षं सप्टेंबर जवळ आला की मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. कधी ट्रेकिंगचा ग्रुप चालवणारा मुलगा असतो, कधी महिला मंडळातली ताई, कधी नुकतेच निवृत्त झालेले काका. "आम्ही पंधरा जण नेपाळला जातोय, अनाथ मुलांसाठी घर बांधायला. तुम्ही जाऊन आलात ना, काय काय न्यावं लागेल?" स्वेटर किती घ्यायचे, औषधं कोणती, आपल्या मोठ्या नोटा चालतात का, असं सगळं विचारतात. ते मी सांगते. पण त्याआधी जे सांगते ते ऐकून पलीकडचा आवाज जरा उतरतो. तरी सांगते, आणि आज तुम्हा सगळ्यांना सांगते आहे. नेपाळला जरूर जा. ते घर मात्र बांधू नका. निदान माझं ऐकून घेईपर्यंत पैसे पाठवू नका.

आम्ही गेलो ते २०१७ साली. त्या वर्षी दसरा शनिवारी, ३० सप्टेंबरला आला होता, आणि सोमवारी गांधी जयंती. थोडी रजा टाकली की नऊ-दहा दिवस सलग मिळत होते. नाशिकचे आम्ही चौदा जण. मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. बरोबर एक सिव्हिल इंजिनिअर होता, एक केमिस्ट, एक वायरमन, कॉलेजची मुलं. नेपाळच्या भूकंपाला अडीच वर्षं होत आली होती. २५ एप्रिल २०१५, ७.८ तीव्रता, गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ केंद्र, सुमारे नऊ हजार माणसं गेली. तो शनिवार होता, तिथली आठवड्याची सुट्टी, म्हणून मुलं शाळेत नव्हती. वर्गखोल्या हजारोंनी कोसळल्या होत्या. ती दृश्यं टीव्हीवर पाहिली तेव्हापासून आपण काहीतरी करायला हवं, हे आमच्या मनातून जात नव्हतं.

काठमांडूच्या खोऱ्याच्या कडेला एक बालगृह होतं. त्याच्यावर मजला चढवायचा, आठ खोल्या काढायच्या, असं ठरलं. विटा-सिमेंटसाठी आम्ही वर्षभर पैसे जमवले. जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च ज्याचा त्यानं केला, माणशी ४० हजार रुपये. निघण्याआधी प्रत्येकाला एकेका मुलाचं कार्ड आलं. वर फोटो, खाली वय, आवडता खेळ आणि एक ओळ, 'आई-वडील नाहीत.' माझ्या कार्डावरचा मुलगा दहा वर्षांचा होता. ते कार्ड मी देवघरात ठेवलं होतं. रोज दिवा लावताना त्याच्याकडे बघायची.

पोचलो तर बांधकामावर गवंडी नाहीत. गवंड्याला तिकडे डकर्मी म्हणतात. सगळे डकर्मी दशैंला गावी गेलेले. आपला दसरा तो त्यांचा दशैं, एवढं आम्हाला माहीत होतं, पण दशैं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. अख्खा देश घरी जातो. बसच्या टपावरही जागा उरत नाही. दही, कुंकू आणि अक्षता कालवून थोरांनी धाकट्यांच्या कपाळावर टीका लावायची आणि आशीर्वाद द्यायचा. दशमीपासून कोजागिरीपर्यंत हेच चालतं. टीका घ्यायला माणूस कुठूनही घरी पोचतो. आमच्या हाती विटा एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर नेण्याशिवाय काम नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी फाटकाशी एक बाई आली. पायात प्लास्टिकच्या चपला, कमरेला पटका गुंडाळलेला, चेहरा उन्हानं रापलेला. धादिंग जिल्ह्यातल्या वरच्या अंगाच्या गावातून आली होती, एक दिवस पायी आणि मग बसनं. ती आमच्या विटांच्या ढिगावर बसली. पटक्याची गाठ सोडून तिनं आतून कागदाची पुडी काढली. पुडीत जमरा होता. घटस्थापनेला आपण जे धान पेरतो आणि दसऱ्याला टोपीत, केसांत खोवतो, तेच ते. पिवळे, वीतभर कोंब. प्रवासात थोडे मोडले होते, ते तिनं बोटांनी सरळ केले. स्टीलच्या डबीत टीका कालवून आणला होता. आतून एक मुलगा धावत आला, "आमा" म्हणाला आणि तिच्यापुढे डोकं वाकवून बसला. तिनं त्याच्या कपाळभर टीका थापला, कानामागे जमरा खोवला.

त्या मुलाचं कार्ड माझ्या पिशवीत होतं.

तिनं वर, अर्धवट भिंतींकडे बघून काहीतरी विचारलं. मुलाला टीव्हीवर ऐकून ऐकून हिंदी येत होतं. तो म्हणाला, आमा विचारतेय, वर काय होतंय? मी म्हटलं, खोल्या. आठ. त्यानं तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग बोलली. मुलानं ते लगेच सांगितलं नाही. पायानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "आमा विचारतेय, मग बहिणीलाही जागा होईल का?"

बहीण सहा वर्षांची होती आणि गावी होती. नवरा मलेशियाला गेला होता, दोन वर्षं त्याचा पैसा आलेला नव्हता. गावची शाळा पत्र्याखाली भरत होती. एक माणूस गावात येऊन सांगून गेला होता की काठमांडूत इंग्रजी शाळा आहे, दोन वेळचं जेवण आहे, मुलगा शिकून साहेब होईल. त्यासाठी तिनं बकऱ्या विकून त्या माणसाला पैसे दिले होते. आपला मुलगा कागदावर अनाथ झाला आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही आठ खोल्या बांधत होतो, आणि त्या भरायला लागणारी मुलं डोंगरात आपापल्या आईजवळ होती.

त्या दिवशी दुपारपर्यंत आणखी सात-आठ मुलांना न्यायला कोणी ना कोणी आलं. आई, आजोबा, मोठा भाऊ. आमच्यातला वायरमन उमरगा तालुक्यातला. संध्याकाळी तो एकटाच गच्चीवर बसला होता. मला म्हणाला, "मॅडम, आज तारीख बघितली का? किल्लारीच्या भूकंपाला आज चोवीस वर्षं झाली." ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते तेव्हा, तो नऊ वर्षांचा होता. दगडमातीचं माळवद कोसळलं, त्यात त्याची आई गेली, बाप आधीच गेलेला. तो सांगत होता, "पुढच्या आठवड्यात शहरातनं गाड्या आल्या. चांगली माणसं होती, खोटं कशाला बोलू. पोरांना न्यायला आले होते. माझी मामी आडवी झाली. म्हणली, पोरगं आमचंच आहे. द्यायचेच असतील तर पत्रे द्या." पत्रे मिळाले. त्या पत्र्याखाली मामीनं स्वतःच्या तीन पोरांबरोबर त्याला वाढवलं.

मामीच्या त्या एका वाक्यात मला सांगायचं ते सगळं आलं. पुढे जे लिहिते आहे ते त्याच्या पुराव्यादाखल.

परत आल्यावर मी वाचायला लागले, आणि जे आधी वाचायला हवं होतं ते कळलं. नेपाळच्या बालगृहांतल्या मुलांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास मुलांची आई किंवा वडील, निदान एक तरी हयात आहे, असं युनिसेफ सांगत आलं आहे. तेव्हाच्या ७५ जिल्ह्यांपैकी पाचच जिल्ह्यांत, म्हणजे काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखऱ्याचा कास्की आणि चितवन, देशातली ९० टक्के बालगृहं होती. गरिबी काय या पाचच जिल्ह्यांत आहे? सगळ्यात गरीब मुलूख तर पश्चिमेकडे, कर्णालीच्या डोंगरांत. या पाच जिल्ह्यांत पर्यटक येतात. बालगृहं तिथे उघडतात जिथे तुम्ही-आम्ही पोचू शकतो.

हे भूकंपानंतरच सुरू झालं असं नाही. १९९६ ते २००६ या काळात तिथे माओवादी बंडाचं युद्ध चाललं. हुम्लासारख्या दूरच्या जिल्ह्यांतले आईबाप मुलं बंडखोरांच्या हाती लागू नयेत म्हणून धास्तावलेले होते. दलालांनी त्यांच्याकडून पैसे घेऊन मुलं काठमांडूला आणली आणि अनाथ म्हणून दाखवली. कॉनर ग्रेनन नावाचा एक अमेरिकन तरुण २००४ मध्ये गोदावरी गावातल्या अशाच एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून आला होता. ज्यांना तो अनाथ समजत होता त्या मुलांपैकी दोघांची आई एक दिवस दारात उभी राहिली. पुढे तो हुम्लात पायी फिरला, मुलांच्या घरांचा पत्ता काढला आणि मुलांना पुन्हा घराशी जोडून देणारी संस्था काढली. 'लिटल प्रिन्सेस' या पुस्तकात त्यानं ते लिहिलं आहे. ग्रुपमधल्या एकानं तरी ते निघण्याआधी वाचावं, असा माझा आग्रह असतो.

कंबोडियातही हेच झालं. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथली अनाथालयं सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात तिथे मोठं युद्ध झालं नव्हतं, मोठी साथ आली नव्हती, आईबाप मरण्याचं प्रमाण वाढलं नव्हतं. वाढले होते ते पर्यटक. तिथल्या अनाथालयांतल्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील जिवंत निघाले. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीनं २०१७ मध्येच या प्रकाराकडे आधुनिक गुलामगिरी म्हणून बघायला हवं असं सांगितलं. मेलबर्न-सिडनीत राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे विशेष ध्यानात घ्यावं, कारण शाळा-कॉलेजांतून मुलांना अशा सहलींना नेण्याची तिकडे बरीच चाल होती.

"पण मुलांना माया तरी मिळते ना," असं मला ताई-काका विचारतात. मीही गेल्या-गेल्या हेच म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी पाच-सहा वर्षांची दोन मुलं धावत येऊन माझ्या कमरेला बिलगली आणि मला भरून आलं. तीस वर्षं मी लहान मुलांना शिकवलं. घरात नीट वाढलेलं त्या वयाचं मूल अनोळखी माणसाला पाहून आधी आईच्या पदराआड जातं. जे मूल कुणालाही बिलगतं, त्याच्या आयुष्यात माणसं फार वेळा आली-गेली आहेत, हे मला शिक्षक म्हणून तिथल्या तिथे ओळखता यायला हवं होतं. आम्ही दहा दिवसांनी टाटा करून निघालो. पुढच्या आठवड्यात दुसरा गट येणार होता.

मोठ्या संस्थांमध्ये वाढलेल्या मुलांचा सगळ्यात कसून अभ्यास रुमानियात झाला. २००० साली बुखारेस्टमध्ये अनाथालयांतली १३६ लहान मुलं निवडली, त्यातली निम्मी पालक कुटुंबांत ठेवली आणि वर्षानुवर्षं त्यांची वाढ पाहिली. संस्थेत राहिलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, माणसांशी जुळवून घेण्याची ताकद मागे पडली. जी दोन वर्षांची होण्याआधी घरात गेली, ती सगळ्यात चांगली सावरली. आमच्या वायरमनच्या मामीनं हा अभ्यास वाचलेला नव्हता.

खरोखर ज्यांना कोणीच नाही अशी मुलं असतात. त्यांच्यासाठी घर लागतं, हे मी नाकारत नाही. पण ते घर लहान हवं, मुलांच्या गावाजवळ हवं, तीच माणसं वर्षानुवर्षं तिथे असायला हवीत, आणि मूल आत घेण्याआधी काका-मामा-आजी कोणी सापडतं का याचा शोध घेतलेला हवा. भूकंपानंतर लगेच नेपाळ सरकारनं नवी बालगृहं नोंदवणं थांबवलं, पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली आणि परदेशी दत्तक देणंही थांबवलं. त्यांच्या २०१८ च्या बालकांविषयीच्या कायद्यात नातेवाइकांचा क्रम आधी आहे आणि संस्थेचा शेवटी. आपल्याकडचा २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्थेला शेवटचाच उपाय मानतो. दोन्ही देशांचे कायदे मामीच्या बाजूचे आहेत.

आता पैशाचं बोलू, कारण अडतं ते तिथेच. आमचा नुसता प्रवास-राहण्याचा खर्च १४ जणांचे ५ लाख ६० हजार रुपये. भूकंपात घर पडलेल्या कुटुंबाला नेपाळ सरकार तीन हप्त्यांत तीन लाख नेपाळी रुपये अनुदान देत होतं. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, तेव्हा ते अनुदान आपल्या १ लाख ८७ हजार ५०० रुपयांइतकं होतं. म्हणजे आम्ही विमानात आणि हॉटेलात जे घातलं तेवढ्यात जवळजवळ तीन कुटुंबांची अनुदानं झाली असती. अनुदानात घर पुरं होत नव्हतं, लोक कर्ज काढत होते, हेही खरं. पण त्या कुटुंबाला कर्ज कमी काढावं लागलं असतं, आणि मूल त्याच घरात राहिलं असतं.

तिथली बहुतेक घरं कशी बांधली गेली माहीत आहे का? मालकांनी स्वतः, गावच्या डकर्मींना हाताशी धरून. भिंतीत ठरावीक उंचीवर सलग पट्टा कसा घ्यायचा, कोपरे कसे सांधायचे, याचं शिक्षण डकर्मींना दिलं गेलं, आणि हप्ता मिळण्याआधी इंजिनिअर येऊन बघून जायचा. आपल्या किल्लारीच्या भूकंपानंतरही, जिथे गावं हलवली नाहीत तिथे, लाखांवर घरं मालकांनीच अशी दुरुस्त केली. दगडमातीची घरं आणि त्यात दबलेली माणसं, हे दुःख मराठवाड्यानं भोगलेलं आहे. म्हणून तुमच्या ग्रुपमध्ये कोणी इंजिनिअर, वायरमन, प्लंबर असेल आणि तिकडच्या शाळेनं किंवा वॉर्ड कार्यालयानं बोलावलं असेल, तर जा आणि शिकवून या. कॉलेजच्या मुलानं चार दिवस विटा रचल्या तर गावातल्या एका डकर्मीची चार दिवसांची मजुरी बुडते, आणि त्या मजुरीवर त्याच्या मुलाची फी भरायची असते.

मग आम्ही काय केलं? विटांचा पहिला हप्ता देऊन झाला होता, तो गेला. दुसरा आम्ही थांबवला. परतल्यावर चौदा जणांत चांगली वादावादी झाली. त्यातले दोघे अजून माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाहीत, त्याचं मला वाईट वाटतं. त्या बाईच्या गावच्या मास्तरांचा पत्ता मुलाकडून घेतला होता. थांबवलेला पैसा त्या शाळेच्या दोन खोल्यांच्या पत्र्यांना आणि भिंतींना गेला. मास्तरांनी फोटो पाठवला, त्यात एकही मूल नाही, नुसती भिंत आहे. मला तो फोटो फार आवडतो.

फोटोवरून आठवलं. बालगृहातल्या मुलांबरोबरचे फोटो कुठेही टाकू नका. आपल्याकडे अशा मुलाची ओळख उघड करणं कायद्यानं गुन्हा आहे. नेपाळमधल्या मुलाची अब्रू काही कमी नाही.

घराजवळचंही बोलायला हवं. वाढदिवसाला अनाथाश्रमात केक घेऊन जाण्याची पद्धत आपल्या शहरांत फार रुळली आहे. हेतू निर्मळ असतो, मला ठाऊक आहे, मीही नातवाला घेऊन गेले आहे. पण दर रविवारी कुणा ना कुणा परक्या मुलाचा वाढदिवस साजरा करणाऱ्या त्या मुलांच्या जागी आपलं मूल उभं करून बघा. तो खर्च वर्षभर साठवा आणि आपल्याच वस्तीत, ओळखीत, कामवाल्या मावशींच्या नात्यात बघा. आईबापाविना मूल सांभाळणारी आजी किंवा आत्या असतेच. तिला महाराष्ट्र सरकारच्या बालसंगोपन योजनेचं नाव बहुधा माहीत नसतं. अशा मुलामागे २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये देण्याची ती योजना आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावा लागतो. तिच्याबरोबर तिथे जा, फॉर्म भरा, झेरॉक्स काढा, बँकेत खातं उघडून द्या, आणि पहिला हप्ता खात्यावर येईपर्यंत हेलपाटे घाला. कुठलं मूल संकटात दिसलं तर १०९८ वर फोन करा.

आणि नेपाळची तिकिटं काढून झाली असतील तर ती रद्द करू नका. पशुपतिनाथाला जा, मुक्तिनाथाला जा, गोरखा-लमजुंगच्या गावांत लोकांच्या घरी पाहुणे म्हणून राहा, त्यांच्या हातचा डाळभात खा आणि रोखीनं पैसे द्या. असा पाहुणा आला की तिथल्या घरातल्या बाईला चार पैसे मिळतात, आणि मुलाला खोऱ्यात पाठवण्याचं एक कारण कमी होतं.

बालगृहाला मदत करायचीच असं ग्रुपनं ठरवलंच असेल, तर आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, विमानतळावर ओळखपत्रापलीकडे कुणी फारसं विचारत नाही, म्हणून विचारायचं काम आपलंच आहे. नोंदणीचा कागद मागा. मुलं कुठल्या जिल्ह्यातून आली ते विचारा. गेल्या वर्षात किती मुलं घरी परत पाठवली ते विचारा, कारण चांगलं बालगृह या आकड्याचा अभिमान बाळगतं. या सगळ्यांची तयार उत्तरं देता येतात. म्हणून शेवटी एक प्रश्न विचारा, फोनवर, सहज बोलता बोलता: "दशैंला टीका घ्यायला तुमच्याकडची किती मुलं घरी जातात?" उत्तर ऐका, लिहून ठेवा, आणि त्यातल्या प्रत्येक मुलाच्या घरी आधी कुणीतरी जाऊन येईपर्यंत विटांचे पैसे पाठवू नका.